छाती, पुन्हा

हलूनका हे काही तिचं खरं नाव नव्हतं. आईबापांनी चांगलं चार अक्षरांचं नाव ठेवलं होतं, पण ते आता हजेरीपटावरच उरलं होतं. एक्स-रेच्या खोलीत तेवीस वर्षं उभी राहून बाई दिवसाला साठ छात्यांना एकच गोष्ट सांगत आली होती, "मोठा श्वास घ्या. धरा. हलू नका. सोडा." तेही असल्या आवाजात, की बाहेर बाकावर बसलेली माणसंसुद्धा आपापला श्वास धरायची आणि आतून "सोडा" येईपर्यंत नाकावरची माशी हाकलायची नाहीत. तेव्हा पेशंटांपासून झाडूवाल्यांपर्यंत सगळ्यांनी तिला हेच नाव चिकटवून टाकलं.

हाड मजबूत, तोंड त्याहून मजबूत. नवरा शिंपी. म्हणजे घरातलं एक माणूस जन्मभर लोकांना बटणं लावत होतं आणि दुसरं ती काढायला लावत होतं. सासू म्हणायची, "बरं जमलंय दोघांचं. हा झाकतो, ही उघडते."

हलूनकाच्या खोलीत कायदा एकच: शर्ट काढल्याशिवाय फोटो नाही. बायकांना मागे नाडी बांधायचा गाऊन मिळायचा, पुरुषांना तोही नाही. दर आठवड्याला एखादा शहाणा विचारायचाच, "एक्स-रे तर आरपार जातो ना, मग शर्ट कशाला काढायचा?"

"आरपार जातो म्हणूनच काढायचा. तुमच्या खिशातली किल्ली फुफ्फुसात दिसते. मग डॉक्टर ती काढायला छाती फाडतील. चालेल?"

असं म्हटलं की माणूस मुकाट बटणं सोडायचा. तेवीस वर्षांत तिने लोकांच्या छातीवरून काय काय उतरवलं होतं! किल्ल्या, चष्मे, आतल्या खिशात शिवून टाकलेली नाणी, एका मास्तरच्या खिशातून खडूचे सात तुकडे. लांब वेणी पुढे आली असेल तर ती स्वतः उचलून डोक्यावर बांधायची, कारण ओल्या वेणीचा पीळसुद्धा फोटोत रोगासारखा दिसतो.

हा कायदा तिने हौसेने केलेला नव्हता. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक सुतार आला होता, खोकल्याने बेजार. तेव्हा ती नवी होती, मोठ्या माणसांना शर्ट काढा म्हणायला लाजायची. शर्टासकट फोटो काढला. वरच्या बाजूला एक गोल डाग आला. तेव्हाचे डॉक्टर फोटो खिडकीच्या उजेडात धरून म्हणाले, "बटण असेल." विषय मिटला. सुतार खोकल्याचं औषध घेऊन घरी गेला आणि सात महिन्यांनी चौघांच्या आधाराने परत आला. तेव्हा ते बटण लिंबाएवढं झालं होतं. बाई रडलीबिडली नाही, पण त्या दिवसापासून 'असेल' हा शब्द तिला शिवीसारखा लागायला लागला. फोटोतली गोष्ट एक तर आहे, नाहीतर नाही. कळत नसेल तर सगळं उतरवा आणि फोटो पुन्हा काढा.

तिच्या ॲप्रनच्या खिशात बोटाच्या पेराएवढं शिशाचं एक 'R' अक्षर कायम असायचं. ज्या पाटीला छाती टेकवायची तिच्या कोपऱ्यात, पेशंटच्या उजव्या बाजूला ते चिकटवायचं. फोटोत ते पांढरं उठतं आणि उजवी बाजू कुठली ते सांगतं. कारण छातीचा फोटो बघायची रीत अशी, की पेशंट आपल्यासमोर तोंड करून उभा आहे असं धरायचं. त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. हे या धंद्यात पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

तर अशा या खोलीत नवं मशीन आलं.

जुन्या फोटोत फुफ्फुस म्हणजे फासळ्यांच्या पिंजऱ्यात कोंडलेलं. फासळीमागे किंवा गळ्याखालच्या आडव्या हाडामागे एखादी बारकी गाठ दबून बसली, तर ती चांगली गलेलठ्ठ होईपर्यंत कुणाच्या बापाला दिसायची नाही. नवं मशीन एका श्वासात दोन फोटो काढायचं, एक हलक्या जोराचा आणि एक जबर जोराचा, पापणी लवायच्या आत. मग कॉम्प्युटर त्यांची वजाबाकी करून दोन नवे फोटो पुढ्यात टाकायचा. एकात नुसती हाडं, दुसऱ्यात नुसतं मांस. माशाचा काटा अलगद काढून ठेवावा तशा फासळ्या बाजूला व्हायच्या. वर मांसाच्या फोटोत कुठे काही संशयाचं दिसलं, तर त्याभोवती मशीन स्वतःच तांबडं कडं काढायचं.

हलूनकाला मशीन एकदम आवडलं. नवऱ्याला म्हणाली, "अहो, पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यापेक्षा जास्त उघडं करून बघतंय."

मशीन मात्र सगळ्यांत जास्त मानवलं ते मोठ्या साहेबांना. हे दवाखान्याचे मुख्य. शिकून डॉक्टर झालेले, पण चौदा वर्षांत फाईलीखेरीज कुणाची नाडी हातात घेतली नव्हती. छातीवर ठेवायची नळी गळ्यात पडायची ती फोटोग्राफर आला तरच. त्यांनी फीत कापायचा बेत केला, पाहुणे बोलावले, भाषण केलं. भाषणात मशीनपेक्षा स्वतःची स्तुती दुप्पट होती. मशीन विकणाऱ्या कंपनीचा टायवाला माणूस प्रत्येक वाक्याला टाळी वाजवत होता. साहेबांनी बाहेरच्या नव्या पडद्याचंही कौतुक केलं. कुणाचा कितवा नंबर, कशाचा फोटो, सगळं त्यावर झळकणार. "आता एकही पेशंट विसरला जाणार नाही," साहेब गरजले.

मग टायवाला म्हणाला, "एक प्रात्यक्षिक होऊन जाऊ दे. कुणी निरोगी माणूस?"

कॅमेरे वर झाले, तसे साहेब पुढे झाले. "माझ्याहून निरोगी कोण? बाई, घ्या माझा फोटो."

"साहेब, शर्ट काढा," हलूनका म्हणाली.

टाळीसाठी उचललेले टायवाल्याचे हात तसेच राहिले.

"काय?"

"शर्ट. आणि तो बिल्लापण."

साहेबांच्या शर्टाच्या खिशावर रेशमी झालरीचा बिल्ला पिनेने टाचलेला होता. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"बाई, हा कार्यक्रम आहे, आखाडा नाही."

"मॅडम, आपलं मशीन शर्टातूनही बघतं," टायवाला मध्ये पडला.

"जुनंही बघायचं. म्हणून तर काढायला लावते."

"बाई!" साहेबांनी एवढंच म्हटलं, पण त्यात बदलीपासून पेन्शनपर्यंत सगळं आलं. हलूनकाने साहेबांना शर्टासकट पाटीला छाती लावून उभं केलं, हात कमरेवर, खांदे पुढे. सवयीने खिशातलं शिशाचं अक्षर काढून उजव्या कोपऱ्यात चिकटवलं.

"त्याची गरज नाही आता, कॉम्प्युटर लिहितो," टायवाला म्हणाला.

"लिहू दे की. त्याला कोण अडवतंय?"

मोठा श्वास, धरा, हलू नका. शिशाच्या काचेमागे सारलेल्या सगळ्या पाहुण्यांनी श्वास धरला.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर साहेबांची छाती आली आणि बघता बघता फासळ्या विरून गेल्या. टाळ्या पडल्या. टाळ्या संपायच्या आत मशीन 'टिंग' वाजलं आणि पडद्याच्या डाव्या अंगाला वरती, वाटाण्याएवढ्या एका डागाभोवती तांबडं कडं उमटलं.

टायवाला पार पांढरा पडला. मग साहेबच हसले, मोठ्ठ्याने.

"अहो, हा तर माझा बिल्ला! डाव्या बाजूला लावलाय ना? हे बघा, डाव्या बाजूलाच दिसतोय. काय नजर आहे मशीनची!"

सगळे हसले. पाहुणे हसले, टायवाला सगळ्यांत जोरात हसला. फोटो वाचणारे डॉक्टर मान डोलवत होते. हे गृहस्थ जन्माला येतानाच मान वरखाली हलवत आले असावेत. हलूनकाने तोंड उघडलं, तोच तिच्या खोलीतल्या मदतनीस मावशींनी तिच्या दंडाला असा चिमटा काढला की दोन दिवस वळ राहिला.

"गप बसा, बाई," मावशी पुटपुटल्या. "पाहुणे खाऊन जाऊ देत."

पाहुणे खाऊन गेले. हलूनका मशीनपाशी बसली आणि नुसत्या हाडांचा फोटो उघडला. धातूची वस्तू हाडांच्या फोटोत ठसठशीत उठते. बिल्ल्याची पिन तिथे होतीच, आकड्यासकट अख्खी. पण ती होती पडद्याच्या उजव्या अंगाला. डाव्या अंगाला, जिथे डाग होता तिथे, पिनेचं नावनिशाण नव्हतं. आणि त्याच डाव्या अंगाच्या कोपऱ्यात तिचं शिशाचं अक्षर लख्ख चमकत होतं. साहेबांचा बिल्ला डाव्या छातीवर, डाग उजव्या फुफ्फुसात, गळ्याखालच्या हाडामागे. चौदा वर्षं फाईली चाळून साहेब आपली डावी-उजवी विसरले होते, आणि ती चूक सगळ्या पाहुण्यांनी हसून पक्की केली होती.

ती तडक फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांकडे गेली. "डॉक्टर, बघितलंत?"

"बघितलं."

"मग?"

"साहेब म्हणाले, बिल्ला आहे."

"तुम्ही काय म्हणता?"

डॉक्टरांनी दार लोटून घेतलं. "वाटाण्याएवढी आहे. आत्ता कापली तर माणूस वाचेल. सहा महिन्यांनी काही सांगता येत नाही."

"हे साहेबांना सांगा की."

"पाहुण्यांसमोर साहेबांना डावी-उजवी कळली नाही, हे मी सांगू? माझी अजून सहा वर्षं नोकरी आहे, बाई."

"त्यांची किती वर्षं आहेत ते आधी बघा."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण चावलं. मग त्यांनी रिपोर्ट लिहिला. आयुष्यात कधी सरळ चालले नव्हते, तसेच याही वेळी तिरके चालले: 'बिल्ल्यामुळे फोटो सदोष. बिल्ला काढून पुन्हा घ्यावा.'

हलूनकाने कागद घेऊन बाहेर पाऊल टाकलं, तर शिपाई दुसरा कागद घेऊन उभा. मेमो. मान्यवरांसमोर बिल्ल्यासह फोटो काढून संस्थेची शोभा केल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा.

संध्याकाळी जेवताना तिने नवऱ्याला विचारलं, "अहो, शर्टाचा खिसा कधी उजवीकडे शिवलात?"

"डोकं ठिकाणावर आहे ना? खिसा डावीकडेच. साहेबांचे सगळे शर्ट मीच शिवतो. का गं?"

तिने सगळं सांगितलं. नवऱ्याचा घास हातातच राहिला. सासूचा मात्र राहिला नाही. दात नसले तरी तिचं चघळणं कधी थांबायचं नाही.

"मेमो दिला ना त्याने तुला?" सासू म्हणाली. "मग राहू दे त्याचा बिल्ला त्याच्यापाशी. तो मेला तर तुझा मेमोही गेला."

"आई, काहीतरीच काय बोलता!" नवरा म्हणाला.

"खोटं बोलले का?"

खोटं नव्हतं. हलूनकाच्या मनातही ते येऊन गेलं होतं, येऊन चांगलं पाय पसरून बसलं होतं. त्या माणसाने तिला चारचौघांत गप केलं होतं, वर कागदही धाडला होता. पण सासूच्या तोंडून ऐकल्यावर तिला तो सुतार आठवला आणि त्याचं बटण. "त्या वेळी 'असेल' म्हणणारं माणूस दुसरं होतं," ती म्हणाली. "या वेळी गप बसणारी मी असेन. ते मला जमायचं नाही."

दुसऱ्या दिवशी तिने खुलासा लिहिला. इतका नम्र, की वाचून शिपायालाच भरून आलं. चूक मान्य. बिल्ल्यासह फोटो काढायला नको होता. सदोष फोटो त्याच दिवशी पुन्हा काढावा असं साहेबांचंच परिपत्रक आहे, वाचणाऱ्या डॉक्टरांचा रिपोर्टही सोबत आहे, तरी चूक सुधारण्याची संधी द्यावी. खाली सही. मग तिने मशीनमध्ये नोंद केली: छाती, पुन्हा.

बाहेरच्या पडद्यावर पहिल्या नंबरला अक्षरं उमटली: 'मा. मोठे साहेब, वय ५७, छाती, पुन्हा.' 'मा.' तिने लावलेलं नव्हतं. टायवाल्याने कार्यक्रमाच्या दिवशी आदराने टाकून ठेवलं होतं.

साहेब आले नाहीत. बाकावरचे पेशंट येत होते, फोटो काढून जात होते, पहिला नंबर हलत नव्हता. बाकाला विषय मिळाला.

"हे मोठे साहेब म्हणजे आपले तेच का?"

"तेच. सकाळपासून पहिला नंबर आहे, येत का नाहीत?"

"पुन्हा म्हणजे काय हो? पहिल्यांदा छाती सापडली नाही वाटतं."

"फुगवली असेल जास्त, मावली नसेल फोटोत."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या वॉर्डातली माणसंसुद्धा पडदा बघायला यायला लागली. एका म्हातारीने हलूनकाला विचारलं, "बाई, त्यांना घाबरायला होतंय का? मी येऊ का सोबत? मी कालच काढला, काही दुखत नाही."

चौथ्या दिवशी साहेबांचा फोन आला. "बाई, ते नाव काढा."

"फोटो काढल्याशिवाय नाव जात नाही, साहेब."

"कोण म्हणतं?"

"मशीन म्हणतं."

साहेबांनी टायवाल्याला फोन लावला. टायवाल्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं की हीच तर या पडद्याची खुबी, एकही पेशंट विसरला जात नाही. साहेबांनी भाषणात किती सुंदर मांडलं होतं ते!

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, बाक रिकामा बघून, साहेब आले. मावशी दाराशी डबा उघडून बसल्या होत्या. त्यांनी झाकण तसंच लावलं आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"दोन मिनिटांत उरका," साहेब म्हणाले. "हे नाटक मी तुमच्या खुलाशाला मान देऊन करतोय."

"हो साहेब. शर्ट काढा."

साहेबांनी भिंतीकडे तोंड करून शर्ट काढला. आतल्या बनियनला काखेत भोक होतं, लिंबू आरपार जाईल एवढं. ज्या माणसाच्या सहीवाचून दवाखान्यातलं पान हलत नव्हतं, तो माणूस पाटीसमोर दोन्ही हातांनी ते भोक झाकत उभा राहिला.

"बनियनपण."

तेही निघालं. पांढरी, केसाळ, जराशी सुटलेली छाती, बिल्ल्याशिवायची. हलूनकाने असल्या लाखांनी बघितल्या होत्या. तिने हात कमरेवर ठेवायला लावले, खांदे पुढे ढकलले, शिशाचं अक्षर उजव्या कोपऱ्यात चिकटवलं.

"मोठा श्वास घ्या. धरा. हलू नका."

टिंग. डाग त्याच जागी, कडं त्याच जागी. साहेब शर्ट खांद्यावर टाकून पडद्यासमोर आले.

"हे… हे डावीकडेच…" त्यांनी आपला हात सवयीने डाव्या छातीकडे नेला. तिथे काहीच टाचलेलं नव्हतं.

हलूनकाने पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरावर बोट ठेवलं. साहेबांनी अक्षर बघितलं. मग त्यांचा हात हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकला आणि गळ्याखालच्या हाडावर येऊन थांबला. त्या हाताला चौदा वर्षांपूर्वीचं सगळं एकदम आठवलं असावं.

"किती जणांना कळलंय हे?" साहेबांनी विचारलं. पहिला प्रश्न हा. केवढी आहे, कसली आहे, ते नंतर.

"दवाखान्यात मला आणि वाचणाऱ्या डॉक्टरांना. बाहेरच्या पडद्यावरून नाव गेलंय, साहेब."

साहेबांनी केवढा तरी मोठा श्वास सोडला. मग खुर्चीवर बसले, आणि मावशींनी न विचारता आपल्या डब्याशेजारचं पाणी पुढे केलं.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात साहेबांच्या उजव्या फुफ्फुसाचा तुकडा काढला. तिथल्या सर्जनने सांगितलं, अजून सहा महिने गेले असते तर सुरीचा उपयोग नव्हता. चार महिन्यांनी साहेब परत आले. आवाज निम्मा झाला होता, तोरा मात्र सर्जनला सापडला नव्हता. पहिल्याच सभेत त्यांनी सांगितलं की नव्या यंत्रावर लोकांचा विश्वास बसावा म्हणून आपण स्वतः पुढे होऊन, एकदा नव्हे दोनदा, छाती दाखवली. वाचणाऱ्या डॉक्टरांची मान डोलली. हलूनकाच्या खुलाशावर शेरा पडला, 'समज देण्यात येत आहे', आणि मेमो तिच्या फाईलीत गेला. साहेबांनी आपल्या फोटोची प्रत चौकट करून केबिनमध्ये टांगली. चौकटवाल्याने ती उलटी बसवली. आता तिच्यात गाठ डावीकडची दिसते आणि अक्षर उलटं. आल्यागेल्याला साहेब त्यावर छडी ठेवून समजावतात. मावशींनी दोनदा विचारलं, "सांगायचं का?"

"नको," हलूनका म्हणाली. "कापणाऱ्याने बाजू बरोबर धरली ना, मग भिंतीवरचा फोटो उलटा चालतो."

दर तीन महिन्यांनी साहेबांना तपासणीचा फोटो काढावा लागतो. आता ते सुट्टीची वाट बघत नाहीत. पडद्यावर नाव लागायच्या आत येतात, आणि व्हरांड्याच्या टोकापासूनच शर्टाची बटणं सोडत येतात, तेव्हा बाकावरची माणसं पाय आखडून वाट देतात. हलूनकाने काही म्हणायच्या आत हात कमरेवर, खांदे पुढे.

"मोठा श्वास घ्या."

"मोठा कुठला येतोय आता, बाई."

"उरलाय तेवढा घ्या. धरा. हलू नका."